समोर बसून ऐकलेले गाणे

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवात, रात्रीच्या गायनाच्या बैठकीपूर्वी, नंदगड येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



उत्सवसमितीच्या चिटणिसांनी जेव्हा मला संगीतश्रवणाविषयी चार शब्द बोलावेत असे सुचविले, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला की, या विषयावर बोलणारा मी कोण? मी गवई नव्हे. संगीतशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. माझे उभे आयुष्य आवक-जावक बारनिशी, हजेरीपट आणि टिपणे यांत गेले. रागाचे वादी-संवादी, घराण्यांचे वाद, हे सारे मी जाणकारांवर सोपवितो. माझा अधिकार असलाच तर तो एवढाच की, गेली चाळीसहून अधिक वर्षे मी गाणे समोर बसून ऐकत आलो आहे, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या शिलकी सुखांत या सुखाची जागा फार वरची आहे.

बोलण्याचे दुसरेही एक कारण आहे. ते आडवळणाने सांगण्यापेक्षा सरळच सांगतो. पुढील वर्षापासून उत्सवातील गायनाची बैठक बंद करावी आणि तो पैसा रोषणाईवर व ध्वनिवर्धकांवर खर्च करावा, अशी सूचना काही तरुण महाजनांनी मांडली आहे. त्यांचे म्हणणे असे की, बैठकीस माणसे मोजकी येतात, त्यांतली बहुतेक साठी उलटलेली; आणि जे गाणे आज खिशातल्या मोबाईलवर हवे तेव्हा फुकट ऐकावयास मिळते, त्यासाठी गवयास बोलावून बिदागी, गाडीभाडे, मुक्काम, जेवणखाण हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि रास्त प्रश्नाला रागावून उत्तर देऊ नये. माझ्या परीने मी ते शांतपणे देणार आहे.

प्रथम आपण कोठे बसलो आहोत ते पाहू. क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णांना १८३१ साली येथे फाशी देण्यात आले, म्हणून बाहेरगावची माणसे नंदगडचे नाव ओळखतात. जुनी माणसे पेठ म्हणून ओळखतात. घाटाखालचा माल वर आणि वरचा खाली, अशी ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांचे हे मुक्कामाचे गाव. माझ्या लेखी मात्र नंदगडचे मोठे भाग्य म्हणजे खानापूरचे स्टेशन हाकेच्या अंतरावर आहे. त्या फलाटावर उभे राहून गाडीची वाट पाहताना मी पुष्कळदा मनाशी मोजदाद केली आहे. उत्तरेकडची गाडी धरली की बेळगाव, घटप्रभा, कुडची, मिरज. मिरजेहून एक वाट कोल्हापूरची, दुसरी पुण्याची. दक्षिणेकडची धरली की लोंढा. तेथून एक फाटा कॅसलरॉक, दूधसागर करीत गोव्यात उतरतो, दुसरा अळणावर, धारवाड, हुबळी करून पुढे कुंदगोळास जातो. आता या स्टेशनांपुढे माणसांची नावे मांडून पाहा. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँ. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांच्या दरबारचे अल्लादिया खाँ. बेळगावजवळचे सुळेभावी हे कुमार गंधर्वांचे जन्मगाव, जन्म १९२४ चा. धारवाड म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळी म्हणजे गंगूबाई हनगल, कुंदगोळ म्हणजे सवाई गंधर्व, आणि घाट उतरले की केसरबाई, मोगूबाई, मास्टर दीनानाथ, जितेंद्र अभिषेकी. हिंदुस्थानी संगीताच्या वंशावळीतील एवढी नावे एका लोहमार्गावर, एका दिवसाच्या प्रवासाच्या आत, देशात इतरत्र कोठे सापडतील असे मला वाटत नाही.

हे आपोआप घडले नाही. म्हैसूरच्या दरबारात हजेरी लावावयास निघालेले उत्तरेकडचे गवई वाटेत हुबळी-धारवाडास उतरत, चार-चार महिने मुक्काम करीत, आणि गावातील हुशार मुलांना शिकवीत. अब्दुल करीम खाँसाहेब असेच आले आणि कुंदगोळचे रामभाऊ त्यांचे शिष्य झाले. तेच पुढे सवाई गंधर्व. भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक होते. मिरज, सांगली, इचलकरंजी, कुरुंदवाड, कोल्हापूर अशी संस्थाने जवळजवळ, आणि प्रत्येकाला आपल्या पदरी गवई असावा अशी हौस. त्यात नाटक मंडळ्यांची भर. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, जन्म १८४३. आणि सांगावयास मला अभिमान वाटतो की, ‘शाकुंतल’ १८८० साली रंगभूमीवर येण्याआधी ते महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरीस होते. कचेरीतला माणूस गाण्यासाठी वेळ कसा काढतो, असे मला विचारणाऱ्यांना मी अण्णासाहेबांचे नाव सांगत असे. असो.

माझा स्वतःचा वेळ किरकोळ रजेतून निघे. वर्षाच्या आरंभीच मी मनाशी हिशेब मांडी: इतक्या रजा लग्नकार्यांना, इतक्या आजारपणाला, आणि उरलेल्या गाण्याला. आमचे एक वरिष्ठ रजेच्या अर्जावरील ‘घरगुती काम’ हे शब्द वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत आणि विचारीत, “धारवाड की मिरज?” रजा न मिळाली तर संध्याकाळची गाडी, रात्रभर गाणे, पहाटेची पॅसेंजर आणि साडेदहाला टेबलापाशी हजर. त्या दिवशीच्या बारनिशीत एकही खाडाखोड नसे, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. रात्रभर गाणे ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवशी थकलेला असतो, हा समज न ऐकणाऱ्यांनी पसरविलेला आहे.

तर मोबाईलवर मिळत नाही असे समोर बसून काय मिळते? याचे उत्तर गाणे सुरू होण्यापूर्वीच मिळू लागते. बैठकीत आधी तंबोरे जुळविले जातात. ज्यांना घाई असते ते या वेळी चहा घेण्यासाठी बाहेर जातात. मी तर मुद्दाम लवकर येऊन बसतो. चार तारा, त्यांत दोन जोडीच्या षड्जाच्या, एक खर्ज, आणि एक पंचमाची, रागानुसार मध्यमाची किंवा निषादाची. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सरकवितात. तो रेसभर इकडेतिकडे झाला की तारेचा आवाज एकदम उमलतो. ठोकळ नादाच्या पोटातून मधमाश्यांच्या गुंजनासारखे दुसरे स्वर निघू लागतात. यालाच जवारी लागणे म्हणतात. ती जवारी साधणारी घराणी मिरजेत आहेत. मूळचे हे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे आणि शस्त्रे घडविणारे. तलवारींचे दिवस सरले तशी त्यांच्या हातांनी भोपळ्याचे तंबोरे आणि सतारी घडविल्या. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला सरकारचे भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपल्या भागाला भूषणावह गोष्ट आहे. दोन तंबोरे एकमेकांत असे मिसळले की त्यांतला कोणता कोठे बोलतो हे कळू नये, त्या क्षणी सभामंडपातली कुजबुज आपोआप थांबते. कोणी ‘शांत राहा’ म्हणून सांगावे लागत नाही. ध्वनिमुद्रिकेत हा भाग बहुधा कापून टाकलेला असतो.

मग गवयाचा आवाज. तो पहिल्या स्वरापासून आपल्या पूर्ण तेजाने लागतोच असे नाही. प्रवासाचा शीण असतो, हवेतला ओलावा असतो, आपल्या भागातील पावसाळी हवेने तर भल्याभल्यांचे गळे धरले आहेत. पहिली वीस मिनिटे गवई आपल्या आवाजाशी, तंबोऱ्याशी, तबल्याशी आणि समोरच्या माणसांशी जणू वाटाघाट करीत असतो. ती वाटाघाट पाहावयास मिळणे हे माझ्या दृष्टीने मैफलीतले अर्धे सुख आहे. उजव्या हाताने तो हवेत काय काढतो, तबलजीकडे केव्हा पाहतो, एखादी जागा मनासारखी आली नाही की पुन्हा तिच्याकडे कसा वळतो, आणि ती आली की आधी स्वतःच कसा हसतो, हे सारे डोळ्यांनी ऐकावयाचे असते.

कुमार गंधर्वांचे गाणे ज्यांनी समोर बसून ऐकले त्यांना माझे म्हणणे पटेल. सुळेभावीचा हा शिवपुत्र कोमकळीमठ लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी, म्हणून तो ‘कुमार गंधर्व’ झाला. पुढे देवधर मास्तरांकडे मुंबईत शिक्षण, मग क्षयाचे दुखणे, १९४८ पासून देवासचा मुक्काम, आणि काही वर्षे सक्तीचे मौन. त्या दुखण्यातून उठल्यावर, एका फुप्फुसाच्या बळावर, त्यांनी जे गाणे उभे केले त्यात लांबच लांब ताना नव्हत्या. छोटे, धारदार स्वरसमूह होते आणि त्यांच्यामध्ये थांबणे होते. मुद्रिकेवर ते थांबणे म्हणजे नुसती रिकामी जागा वाटते. समोर बसले की कळे, ते थांबले म्हणजे अख्खा मंडप श्वास धरून थांबलेला आहे. १९९२ च्या जानेवारीत ते गेले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मन्सूर गेले. एका वर्षात आमच्या पिढीची दोन मोठी आश्रयस्थाने नाहीशी झाली.

मल्लिकार्जुन मन्सूरांविषयी थोडे अधिक बोलण्याची परवानगी मागतो, कारण माझ्या श्रवणाचा मानदंड तेच आहेत. धारवाडजवळच्या मन्सूर गावात १९१० च्या डिसेंबरअखेरीस जन्म. आधी मिरजेच्या नीलकंठबुवा अलूरमठांकडे शिक्षण, नंतर अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे. त्यांना लांबलचक प्रस्तावनेची गरज नसे. बसले, स्वर लावला, आणि बंदिशीत शिरले. शिवमत भैरव, खट, एक निषाद बिहागडा, असे राग, की ज्यांची नावेही आमच्यासारख्यांना त्यांच्यामुळेच कळली. त्यांची एक आवर्तनाची भरारी कोठे वळून समेवर येणार, याचा अंदाज बांधीत आपण मनात बोटे मोजावीत, आणि त्यांनी तो अंदाज चुकवून, भलत्याच बाजूने, पण अचूक समेवर येऊन उभे राहावे! त्या क्षणी शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडून आणि आपल्या तोंडून एकच उद्गार निघतो. नंतर ओळख झाली की कळते, तो कन्नड शाळेतला मास्तर, मी मराठी कारकून. सीमाप्रश्नावर आम्ही दोघेही आपापल्या घरी काय बोलत असू ते असू; समेवर मात्र दोघांचे एकमत झालेले असे. मन्सूर शेवटी कन्नड वचन गात, आणि मला त्यातले जेवढे शब्द कळत तेवढ्यांवर मी तृप्त असे. भीमसेन जोशी मूळचे गदगकडचे, घरात कन्नड बोलणारे, पण तुकोबांचे अभंग त्यांच्या तोंडून ऐकून पंढरीच्या वारकऱ्यांचे डोळे भरून आले. खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माणसाने ही गोष्ट विसरता कामा नये.

आता मोबाईलविषयी. मी मुद्रित गाण्याचा शत्रू नाही, आणि कृपा करून कोणी तसे समजू नये. लहान भीमसेनांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी दुकानातल्या तबकडीवर ऐकली आणि असे गाणे आपल्यालाही आले पाहिजे म्हणून १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडले. गाडीत गाणी म्हणत, बिनतिकिटाचे, गुरूच्या शोधात उत्तरेपर्यंत भटकले. एका तबकडीने देशाला एक भीमसेन दिला. पण हेही लक्षात घ्या की, तबकडी ऐकून तो मुलगा घरी बसला नाही. तो माणसाच्या शोधात निघाला, आणि अखेर कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या दारात येऊन राहिला. पाणी भरले, पडेल ते काम केले, आणि समोर बसून शिकला.

दुसरे उदाहरण आपल्या गोव्याचे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांवर पृथ्वीवरील निवडक ध्वनी आणि संगीत कोरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. त्या तबकडीवर भारताचे एकच गाणे आहे: केसरबाई केरकरांची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. पहिले यान त्या वर्षी ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज ते यान सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे, पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. केरी गावात जन्मलेल्या बाईचा आवाज मानवाने बनविलेल्या इतर कोणत्याही वस्तूपेक्षा दूर गेला, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही? तरीही ज्यांनी बाईंना बैठकीत ऐकले होते अशा वडीलधाऱ्यांशी मी बोललो आहे, आणि त्यांचे म्हणणे एकच: ‘ती तबकडी म्हणजे बाईंची सावली.’ ज्या गायिकेला एक राग मांडावयास तासभर लागे, तिचे साडेतीन मिनिटांत काय मावणार? यानाला जाऊ द्या अंतराळात; आपण ज्या मंडपात बसलो आहोत तेथे जिवंत माणूस गाऊ शकतो, हे भाग्य त्या यानाला नाही.

केसरबाईंचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट महाजन मंडळींपुढे ठेवणे मला आवश्यक वाटते. ती काहींना अप्रिय वाटेल. आपल्यापैकी कित्येक घराण्यांची कुलदैवते घाटाखाली आहेत, आणि गोव्यातील देवस्थानांची व्यवस्था आपल्याला ठाऊक आहे. पोर्तुगीज अमदानीतील १९३३ च्या नियमावलीने महाजन कोण हे वहीत लिहून ठेवले. गाणारे-वाजविणारे सेवेकऱ्यांच्या यादीत राहिले. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, या देवळांच्या आश्रयाने राहिलेल्या कलावंत समाजातून आल्या. त्या समाजाच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे गाणे जिवंत ठेवले. आपल्या पूर्वजांनी ते मन लावून ऐकले, बिदागी दिली, आणि त्यांना आपल्या पंक्तीला मात्र बसू दिले नाही. गंगूबाई हनगलांचीही तीच कथा. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्माजी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. तेथे स्वागतगीत गाणाऱ्यांत अकरा वर्षांची गंगूबाई होती. पुढे मोठेपणी त्यांनी सांगितले आहे की, जेवणे झाल्यावर आपल्या जातीमुळे आपल्याला उष्टी काढावयास सांगतील की काय, ही धास्ती त्या मुलीच्या मनात होती. येथून पंचवीस-तीस मैलांच्या आतली ही गोष्ट आहे. गंगूबाई २००९ पर्यंत जगल्या, पद्मविभूषण झाल्या. पण अकराव्या वर्षीची ती धास्ती त्या कधी विसरल्या नाहीत.

याचा आपल्या बैठकीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, आज या मंडपात गवयाला महाजनांच्या बरोबरीची बैठक आहे, त्याच्या गळ्यात देवाचा हार आधी पडतो, आणि तो रात्री आपल्याच पंक्तीला जेवतो. हे सुधारावयास आपल्याला पुष्कळ काळ लागला. आता कोठे मान देण्याची वेळ आली, आणि आताच आपण त्याला निरोप देणार? ध्वनिवर्धकाला हार घालण्याची सोय नाही.

कुर्डी गावाविषयी एक वाक्य सांगतो आणि पुढे जातो. साळावलीच्या धरणात ते गाव बुडाले. दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास पाणी ओसरले की त्याचे अवशेष वर येतात, आणि विखुरलेली माणसे आपले देवदेव करण्यासाठी तेथे जमतात. बुडालेल्या गावाचे लोक एवढे करतात.

श्रवणाच्या रीतीविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण तरुण मंडळी म्हणतात, ‘आम्हांला काही कळत नाही, मग बसून काय करावयाचे?’ माझे गोव्यातील शिक्षण पोर्तुगीजातून झाल्याने त्या भाषेतील पुस्तके चाळण्याची मला खोड आहे. लिस्बन शहरात ‘फादो’ नावाचे विरहगीतांसारखे एक गाणे आहे. २०११ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. ते भोजनगृहांतून गातात, पण गाणे सुरू होताना दिवे मंद करतात, वाढपी हातातले ताट घेऊन जागच्या जागी थांबतात, आणि श्रोत्यांनी गप्प राहावे असा शिरस्ता आहे. आपली रीत याहून वेगळी आहे. आपल्याकडे श्रोत्याने योग्य जागी बोलावे अशी अपेक्षा असते. ‘वा!’ हा शब्द गवयाला पाण्याच्या घोटासारखा असतो. मात्र तो अवेळी दिला तर ठसकाही लागतो! कोठे द्यावा हे पुस्तकात सापडत नाही. चार जुन्या श्रोत्यांच्या शेजारी बसून ते कळते. मला ते एका दाढी करणाऱ्या कारागिराच्या शेजारी बसून कळले. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण सम येण्याआधी अर्धी मात्रा त्यांची मान हलू लागे. मी गवयाकडे न पाहता त्यांच्या मानेकडे पाहून ताल शिकलो. ‘काही कळत नाही’ ही ऐकण्याची पहिली इयत्ता आहे. तिच्यातून प्रत्येकजण वर गेलेला आहे.

आता अडचणींकडे वळू, कारण अडचणी खऱ्या आहेत. पूर्वी आपली बैठक रात्री दहाला सुरू होऊन पहाटे भैरवीने संपत असे. मारवा-पूरियाची वेळ निघून गेलेली असली तरी बागेश्री, मालकंस, दरबारी आणि उत्तररात्रीचे राग आपल्याला मिळत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते पहाटे सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास बंदी आली. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, आणि ती कोणाला मिळावी यासाठी रांग लागलेली असते. या नियमाने पुण्याच्या, १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्रीही आटल्या. परिणाम असा की, मध्यरात्रीनंतरचे राग आज श्रोत्यांच्या कानावर प्रत्यक्ष पडेनासे झाले आहेत. मी या नियमाला नावे ठेवीत नाही. आजारी माणसाला, परीक्षेच्या मुलाला झोप हवी, आणि तो नियम होण्यास गवई कारण झालेले नाहीत, भिंतीएवढे कर्णे लावणारे झाले आहेत. म्हणूनच मला आश्चर्य वाटते की, ज्यांच्यामुळे बैठकीची रात्र गेली, त्यांच्यासाठीच आता बैठकीचा पैसाही मागितला जात आहे.

परंतु रात्र गेली तरी पहाट शिल्लक आहे. मिरजेस ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली, उरुसात आजही संगीतसेवा होते. अब्दुल करीम खाँसाहेब तेथे दरवर्षी गात आणि १९३७ साली मद्रासकडील सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर त्यांनी देह ठेवल्यावरही ती परंपरा थांबली नाही. कुंदगोळास नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या नावाने गाणे होते. ही काही मोठ्या शहरांची श्रीमंत सभागृहे नव्हेत. आपल्यासारखीच गावे आहेत. त्यांनी सोडले नाही.

माझी सूचना अशी आहे, आणि ती समितीच्या बैठकीत लेखी देणार आहे. पुढील वर्षी बैठक रात्रीऐवजी उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला ठेवावी. ललत, तोडी, जौनपुरी हे सकाळचे राग आपल्या मंडपात कधी झालेलेच नाहीत. तरुणांनाच काय, म्हाताऱ्यांनाही ते नवे वाटतील. ध्वनिवर्धक लावूच नये. सभामंडप दगडी आहे, लाकडी तुळयांचा आहे, आणि पन्नास-साठ माणसांना येथे गळ्याचा आवाज पुरतो; तसा तो पूर्वी दोनशेंना पुरत होता. गवई नामवंतच हवा असे नाही. धारवाड, बेळगाव, गोवा येथे तयारीची तरुण मुले-मुली आहेत, त्यांना ऐकणारे हवे आहेत. त्यांतली एखादी यावी. खर्च आजच्या निम्म्यावर येईल, आणि त्यातून मिरजेहून तंबोऱ्याची एक जोडी देवस्थानसाठी घ्यावी, म्हणजे दर वेळी उसनवारी करावी लागणार नाही. त्या जोडीपैकी एका तंबोऱ्याची किंमत माझ्या निवृत्तिवेतनातून हप्त्याहप्त्याने देण्याची माझी तयारी आहे. दुसऱ्याची जबाबदारी सूचना मांडणाऱ्या तरुण महाजनांनी वर्गणीतून उचलावी, एवढीच माझी त्यांना विनंती. आणि मुलांना मागे, खांबांच्या आडोशाला बसवू नये. पुढच्या ओळीत, गवयाचे हात दिसतील असे बसवावे. कंटाळली तर उठून जातील. दोन जरी बसून राहिली तरी काम झाले.

शाळेची मुले सकाळी सहाला उठतील का, अशी शंका आमच्या चिटणिसांनी कालच काढली. ज्या घरात सासूबाई काकडआरतीला उठतात त्या घरातली उठतील, असे मी त्यांना म्हणालो. बाकीच्या घरांचा विचार समितीने करावा.

मघापासून आतल्या ओवरीत तंबोरे जुळविल्याचा आवाज येत आहे, आणि माझ्या बोलण्यामुळे साथीदारांना पंचम नीट ऐकू येत नसावा. त्यांना अधिक ताटकळत ठेवणे बरे नव्हे. चहा तूर्त कोणी मागू नये, मध्यंतरात मिळेल. मागे बसलेल्या मंडळींनी पुढे सरकावे, सतरंजीवर बरीच जागा आहे.